न मोजलेला खर्च

भोसरी असो वा सातपूर, वेल्डिंगच्या ठिणग्या सर्वांना दिसतात. तिचा धूर मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही. साध्या पोलादाच्या धुरात मँगेनीज असते, स्टेनलेस स्टीलच्या धुरात निकेल व षट्संयुजी क्रोमियम. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसास कर्करोगकारक ठरविला. आपल्याकडे तर 1987 मध्येच कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन विषारी द्रव्यांच्या कमाल मर्यादा ठरल्या होत्या.

परंतु मोजमापावाचून मर्यादेला अर्थ नाही. छताजवळची हवा तपासून भागत नाही. कामगाराच्या कमरेला लहानसा पंप व मुखवट्याच्या आत, नाकाजवळ, गाळणी लावून पाळीभर नमुना घ्यावा लागतो. हे खर्चाचे काम आहे, अशी तक्रार होईल. पण न मोजल्याने खर्च वाचत नाही. तो मालकाच्या खतावणीतून निघून कामगाराच्या फुप्फुसांच्या नावे मांडला जातो, इतकेच. लहान कारखानदारास तो झेपत नसेल, तर औद्योगिक वसाहतींनी सामाईक तपासणी केंद्रे काढावीत आणि अहवाल कामगाराच्या हाती, मराठीत द्यावा. पगाराचा हिशेब पाहण्याचा हक्क ज्याला आहे, त्याला श्वासाचाही हिशेब पाहता आला पाहिजे.