‘ड्रॉ घेतेस?’

रविवारी अख्खं पुणं साखरझोपेत असताना अस्मादिक लवळ्यात! निमित्त भाचीच्या चेस टुर्नामेंटचं. आत पोरं डावात गर्क, बाहेर आई-बाबांना टेन्शन.

शेवटच्या फेरीत समोरच्या मुलाने विचारलं, ‘ड्रॉ घेतेस?’ बाईसाहेब ‘नाही’ म्हणाल्या आणि हरल्या!

गाडीत मी म्हटलं, ‘‘अगं, घ्यायचा ना अर्धा पॉइंट!’’

‘‘मावशी, दिव्याताईने घेतला होता का?’’

घ्या! जून २०२४, गांधीनगर, मुलींची वर्ल्ड ज्युनियर. शेवटच्या फेरीआधी नागपूरची अठरा वर्षांची दिव्या देशमुख फक्त अर्ध्या गुणाने पुढे. ड्रॉ केला असता, तर आर्मेनियाच्या मरियम मकर्तच्यानने तिला गाठलंच असतं, कारण मरियम तिचा डाव जिंकली. पण दिव्याने बल्गेरियाच्या बेलोस्लावा क्रास्तेव्हाला हरवलं. अकरापैकी दहा गुण, जगज्जेती! जुलै २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कपही तिनेच जिंकला.

आणि आपण? अप्रेझलला बॉसने तोंड उघडायच्या आत ‘चालेल सर’ म्हणून मोकळे!

मागच्या सीटवर भाची हरलेला डाव पुन्हा मांडत होती. मी आपली गुपचूप गिअर टाकला.