खाडा म्हणजे शून्य नव्हे

ह्या वीकएंडला प्रोग्रॅमिंगवर लिहितोय. पळून जाऊ नका, कोडची एक ओळही नाही. दूध आहे, गायी आहेत आणि माझी यथासांग फजिती आहे.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. जिल्हा नगर. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) गावात तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, छोटं दूध संकलन केंद्र आहे. साठेक खातेदार. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, माप होतं, फॅट आणि एसएनएफ लागतं, आणि दर दहा दिवसांनी पगार. हे सगळं तात्या रजिस्टरमध्ये लिहितात. मागच्या वर्षी त्यांनी ठरवलं, की दहा दिवसांत ज्याच्या गाईच्या दुधाची सरासरी फॅट ३.५ च्या वर त्याला लिटरमागे एक रुपया जादा द्यायचा, आणि सगळ्यांची सरासरी केंद्रातल्या फळ्यावर लावायची. "तू कॉम्प्युटरवाला ना, एवढा हिशोब बसवून दे." आता पुण्यात आयटीत काम करणाऱ्या पुतण्याने ह्याला नाही कसं म्हणायचं?

शनिवारी दुपारी पायथॉन उघडलं. डोक्यातला आराखडा सोपा होता: बाहेरच्या यादीत खातेदार, प्रत्येकाच्या आत दूध घातल्याच्या वेळा, आणि प्रत्येक वेळेच्या आत लिटर आणि फॅटच्या नोंदी. कुणी फक्त गाईचं घालतो, कुणी गाईचं आणि म्हशीचं दोन्ही, कुणाची गाय भाकड असल्यामुळे महिनाभर काहीच नाही. म्हणजे आतल्या याद्या कमी-जास्त लांबीच्या, दातेरी.

पहिली ठेच लगेच लागली. साठ रिकाम्या याद्या हव्या होत्या, म्हणून एक रिकामी यादी लिहून तिला साठाने गुणलं. मग पहिल्या खातेदाराचं बारा लिटर दूध टाकलं, तर ते गावातल्या साठही जणांच्या खात्यावर जमा! पायथॉन अशा वेळी साठ याद्या करत नाही, एकाच यादीकडे बोट दाखवणाऱ्या साठ खुणा करतो. जावास्क्रिप्टमध्येही एकच यादी घेऊन सगळे कप्पे भरले तर हेच होतं. प्रत्येक कप्प्यासाठी नवी यादी बनवावी लागते. शिकलेल्या माणसानेही वर्षातून एकदा ह्यात पाय घालायचा असतो, त्याशिवाय शांती नाही. असो.

खरी गंमत पुढे. सरासरी पटकन काढावी म्हणून सगळ्यांच्या गाईच्या फॅट उचलून नमपायकडे दिल्या. त्याने सरळ नकार दिला, की याद्यांची लांबी एकसारखी नाही, ह्याचा ॲरे होणार नाही. जुनं नमपाय असं भांडत नसे, ते गपचूप एक विचित्र, आत याद्या ठेवलेला ॲरे बनवून द्यायचं. २०२० मध्ये १.१९ आवृत्तीपासून त्याने इशारा द्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२२ मधल्या १.२४ पासून थेट एरर. आणि मी काय केलं? दहा दिवसांच्या वीस वेळा होतात, म्हणून प्रत्येकाची ओळ वीसपर्यंत शून्यांनी भरून टाकली. चौकोन झाला, एरर गेली, सरासऱ्या आल्या. प्रिंट काढून फळ्यावर लावली आणि रविवारी रात्री एसटीने पुण्याला.

मंगळवारी तात्यांचा फोन. फोनवर मागून एका मावशींचा आवाज येत होता. "बाळा, माझ्या गाईला २.८ फॅट कधी लागली रे? सगळं गाव म्हणतंय मी दुधात पाणी घालते."

हिशोब केला तेव्हा घाम फुटला. मावशी लेकीच्या बाळंतपणाला तीन दिवस नगरला होत्या, त्यामुळे सहा वेळा दूध नव्हतं. उरलेल्या चौदा वेळा त्यांची फॅट जवळजवळ ४.० होती. चौदा चोक छप्पन्न, भागिले वीस, झाले २.८. वेळेला सहा लिटर धरलं तर त्यांचं नुकसान ८४ रुपये. पुण्यात ह्या पैशात धड कॉफी येत नाही. पण पैशाचा प्रश्नच नव्हता. गावात दूधवालीच्या नावावर "पाणी घालते" चिकटणं म्हणजे काय, हे ज्यांनी गाव पाहिलंय त्यांना सांगायला नको. नीट तपासलं तर अशी अकरा नावं चुकली होती.

आणि शरमेची गोष्ट म्हणजे तात्यांच्या रजिस्टरमध्ये हे सगळं बरोबर होतं. दूध घातलं तर आकडा. घातलं, पण नासलं म्हणून परत केलं तर शून्य. आलंच नाही तर आडवी रेघ. खाडा! पेपरवाला, दूधवाला, मोलकरीण, सगळ्यांच्या हिशोबात आपल्या घरी कॅलेंडरवर हा शब्द लिहिलेला असतो. परत गेलेलं दूध आणि न आलेलं दूध ह्यातला फरक आठवीपर्यंत शिकलेल्या तात्यांना कळतो. मी इंजिनिअर असून दोन्हीचं शून्य करून ठेवलं.

तर माझं मत असं आहे: डेटा दातेरी असेल तर तो दातेरीच ठेवा. चौकोन ही डेटाची गरज नसते, मशीनची सोय असते. फोरट्रानच्या काळापासून (१९५७) ॲरे म्हणजे मेमरीत सलग मांडलेला चौकोन. ओळ आणि स्तंभ माहीत असले की साध्या गुणाकार-बेरजेने पत्ता सापडतो, म्हणून ते वेगवान. स्क्रिप्टिंग भाषांनी ही अट काढून टाकली. पर्लमध्ये १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत रेफरन्स आले आणि यादीत यादी ठेवता यायला लागली, आणि पायथॉनची यादी तर मुळातच खुणांची पिशवी आहे. एवढं स्वातंत्र्य मिळूनही आपण पुन्हा एक्सेलचा चौकोन डोक्यात घेऊन बसतो.

काही जण म्हणतील, वेगाचं काय? मुद्दा बरोबर आहे. न्यूरल नेटवर्कला लहान-मोठी वाक्यं देताना ती भरून सारखी करतातच. पण तिथे कुठला कप्पा खरा आणि कुठला भरतीचा हे सांगणारा मास्क सोबत दिला जातो. भरा, पण खूण ठेवा. पांडाजमध्ये रिकाम्या जागी शून्याऐवजी नॅन ठेवला तर सरासरी काढताना तो आपोआप वगळला जातो. आणखी सुबक उपाय म्हणजे सगळ्या नोंदी एकाच लांब ओळीत मांडायच्या आणि कुणाची नोंद कुठून सुरू होते ते आकडे वेगळे ठेवायचे. ॲपॅची ॲरो हेच करतं. ऑकवर्ड ॲरे नावाची पायथॉन लायब्ररीही हेच करते. ती कणभौतिकीतून आली, कारण तिथे प्रत्येक टकरीतून वेगवेगळ्या संख्येने कण बाहेर पडतात. तात्यांच्या केंद्राला मात्र साधी लांब तक्ता-यादी पुरली, एका नोंदीला एक ओळ. खाडा असेल त्या दिवशी ओळच नाही.

ह्यात दुसरी चूकही सापडली. सकाळी ८ लिटर ३.६ ने आणि संध्याकाळी ४ लिटर ४.२ ने आलं तर सरासरी ३.९ नव्हे, ३.८. लिटरचं वजन धरावं लागतं. हेही तात्यांनी विचारलं होतं, मी "बघतो" म्हणून टाळलं होतं.

आणि दोन याद्या जोडताना जपा. पायथॉनचं झिप छोटी यादी संपली की मुकाट्याने थांबतं, मोठ्या यादीतली शेवटची माणसं गायब. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून त्याला कडक राहायला सांगता येतं, मग ते ओरडतं. ओरडू द्या. माझ्यावरही नमपाय ओरडलं होतं, मी शून्यं कोंबून त्याचं तोंड बंद केलं.

हे फक्त दुधापुरतं नाही. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पर्जन्यछायेतलं गाव, पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. समजा पर्जन्यमापक आठवडाभर कुणी वाचलाच नाही आणि कुठल्यातरी हुशार स्क्रिप्टने तिथे शून्य लिहिलं, तर कागदावर दुष्काळ आणि विहिरीत पाणी! आणि उलट दिशेने चुकलं तर त्याहून वाईट.

पुढच्या शनिवारी गावी गेलो, नवी यादी फळ्यावर लावली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: "मागची यादी चुकीची होती. चूक हिशोबाची, दुधाची नाही." मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा मिळाला, चांगला दाट. फॅट विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. तुमच्या कोडमध्ये कुठे कुठे रिकाम्या जागी शून्य भरलंय ते शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: हे दूध परत गेलं होतं, की आलंच नव्हतं?