पावसाच्या पाण्यावर जगणारे शेवाळ

रोपवाटिकेतून ऑर्किडचे रोप घरी आणले, की त्याच्या मुळांभोवती पिवळसर तंतूंचा ओलसर बोळा गुंडाळलेला आढळतो. घेणारा त्याला गवत समजतो. ते असते स्फॅग्नम नावाचे शेवाळ. बहुधा चिली किंवा न्यूझीलंडच्या दलदलीतून उपसून, वाळवून, दाबून जहाजाने आलेले. हेच शेवाळ घरच्या काचपेटीत जिवंत आणि हिरवेगार राखता येते. छत्रपती संभाजीनगरासारख्या कोरड्या हवेच्या शहरातही ते साधते. मात्र त्यासाठी हौसेपेक्षा पाण्याचा हिशेब अधिक काटेकोर लागतो.

शास्त्रीय परिभाषेत पाण्यातील शैवले वेगळी आणि ओल्या भिंतीवर वा खडकावर गादीसारख्या पसरणाऱ्या हरिता वेगळ्या. स्फॅग्नम ही हरिता होय. तिला मुळे नसतात. पानांतील बारीक हिरव्या पेशींच्या मधोमध मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात. त्यांच्या भिंतींना छिद्रे असून पाणी तेथे साठून राहते. वाळलेले स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस पट पाणी धरू शकते. पहिल्या महायुद्धात कापूस गणवेशांकडे आणि स्फोटकांकडे वळला, तेव्हा एडिंबराचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट यांनी जखमांवर बांधण्यासाठी या शेवाळाचा पुरस्कार केला. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला दहा लाखांच्या घरात अशा पट्ट्या रुग्णालयांकडे जात होत्या. कापसाचे व्यवहार पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या मराठवाड्यातील घरांना ही गोष्ट मौजेची वाटावी.

स्फॅग्नम शेंड्याकडे वाढते आणि बुडाकडे मरत जाते. मेलेला भाग आम्लधर्मी, प्राणवायू नसलेल्या पाण्यात पुरता कुजत नाही; त्याचा थर साचतो, तोच पीट. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे लागतात. पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे तीन टक्के क्षेत्रावर असलेल्या पीटभूमींत जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. पेढीच्या भाषेत हे मुद्दल झाले. कुंडीसाठी पीटची पिशवी विकत घेणारा ग्राहक नकळत त्या मुद्दलालाच हात लावत असतो.

घरी स्फॅग्नम वाढवताना खरी अडचण पाण्याची आहे. शहर बेसाल्टच्या खडकावर वसलेले असल्याने बोअरचे पाणी जड असते; गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. स्फॅग्नम पाण्यातील क्षार शोषून त्यांच्या बदल्यात आम्ल सोडते आणि आपला परिसर आपणच आंबट करून घेते. जड पाण्यात ते आम्ल लगेच मारले जाते, शेंडे तपकिरी पडतात आणि काही आठवड्यांत सारी गादी मरते. खताचा परिणामही तसाच. या वनस्पतीला पाहुणचार मानवत नाही.

घरातल्या आरओ यंत्राचे पाणी तिला चालते. पण एक लिटर शुद्ध पाण्यासाठी ते यंत्र बहुधा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येणाऱ्या शहरात हौसेपायी असा खर्च शोभत नाही. पावसाचे पाणी घ्यावे. हातभर लांबीच्या झाकलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा लिटर पुरते असे धरले, तर वर्षाची गरज सव्वीस लिटर. वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात दहा चौरस मीटरच्या गच्चीवर सात हजार लिटर पाणी कोसळते. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्यावी, मग पाणी गाळून झाकणाच्या कॅनमध्ये अंधारात ठेवावे.

पेटी वीतभर खोल असावी, तिला तळाशी छिद्र नको. खाली धुतलेल्या परलाइटचा थर, वर शेवाळाचे शेंडे. पाण्याची पातळी शेंड्यांच्या दोन-तीन बोटे खाली राखावी. बुडवून ठेवल्यास शेंडे लांबट, दुबळे होतात आणि शैवलांचे फावते. उजेड भरपूर हवा, पण दुपारचे ऊन अंगावर नको. पूर्वेची खिडकी उत्तम. वाळलेले शेवाळ हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्यातील एका बुरशीमुळे कातडीला चिवट रोग जडू शकतो.

जैन घरात याहून निराळा प्रश्न उठतो. चातुर्मासात अंगणातील लीलफुगीवर पाऊल पडू नये म्हणून जपणाऱ्या, शेवाळाला अनंतकाय मानणाऱ्या कुटुंबाने ते मुद्दाम वाढवावे काय? निर्णय त्या घराने आपल्या वडीलधाऱ्यांना आणि महाराजसाहेबांना विचारून करावा. वनस्पतिशास्त्राकडून एवढी माहिती मात्र मिळते: वाढ लवकर हवी असणारे लोक शेंडे कापून पुन्हा लावतात, परंतु कापण्यावाचून अडत नाही. शेंड्याला आपसूक दोन फाटे फुटतात आणि गादी सावकाश पसरते. बुडाचा भाग तर स्वतःहूनच मरतो. आणि वाळलेले पाकीट विकत घेतल्याने प्रश्न टळतो असेही नाही. ते शेवाळ उपसले गेले तेव्हा जिवंतच होते. फक्त उपसणारा हात दूरच्या देशातला होता.

जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत या शहराची हवा स्फॅग्नमला बरी मानवते. कसोटी एप्रिल-मेची. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत हलवावी, काचेचे झाकण किंचित सरकवून ठेवावे आणि ऊन तिच्यावर अजिबात येऊ देऊ नये. बंद काचेत उन्हाची भट्टी होते. याच दिवसांत पावसाचे साठवलेले पाणी संपत आलेले असते. तेव्हा वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी कामी येते. हवेतील बाष्पाचे ते पाणी जवळजवळ क्षारहीन असते. यंत्र स्वच्छ करून घ्यावे, सुरुवातीचे धुळकट पाणी टाकून द्यावे आणि उरलेले फडक्यातून गाळून पेटीत सोडावे.