आधी महिना ठरवा, मग जहाज

मे महिन्यात चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये राहणाऱ्या माणसाला बर्फाची स्वप्नं पडली तर नवल नाही. 4 मेच्या सुमारास अग्निनक्षत्र सुरू होतं आणि जवळजवळ महिनाअखेरपर्यंत चेन्नईला भाजून काढतं. पारा चाळिशीला भिडतो, अंगावरचा घाम वाळत नाही आणि ओएमआर या हमरस्त्यावर मेट्रोच्या कामाची धूळ उडत असते. याच दिवसांत इथल्या फ्लॅटांमध्ये थंड हवेच्या क्रूझचे बेत शिजतात. कुणी अलास्का म्हणतं, कुणी नॉर्वे. नोकरीनिमित्त पुण्या-नागपूर-कोल्हापूरकडून इथं येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतही हा विषय आता नवा राहिलेला नाही. अशा सहलीत चौघांच्या कुटुंबाचे काही लाख रुपये जातात आणि बहुतेकांच्या आयुष्यात ती एकदाच होते. म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं की जहाज, केबिन, सवलत हे सगळं नंतर बघा. आधी महिना ठरवा.

होतं काय, की बेत उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी सवलतीची जाहिरात दिसते. मग ऑफिसची रजा बघितली जाते, मग मुलांची शाळा. तिथे तेव्हा पाऊस असेल का, उजेड किती तास राहील, जे बघायला निघालो ते त्या महिन्यात दिसतं तरी का, हे प्रश्न पैसे भरून झाल्यावर सुचतात. तोवर उशीर झालेला असतो.

समुद्रावर ऋतूचंच राज्य चालतं, हे कळायला अलास्कापर्यंत जायला नको. जून 2022 मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी चेन्नई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या क्रूझ जहाजाला झेंडा दाखवला. हे एरवी मुंबईहून फिरणारं जहाज. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र खवळल्यावर ते पावसाळ्यापुरतं आपल्या किनाऱ्याला आलं. नागपट्टिणम ते श्रीलंकेतल्या कांकेसंतुरैपर्यंतची बोट 14 ऑक्टोबर 2023 रोजी मोठ्या थाटात सुरू झाली आणि ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर आल्यामुळे आठवडाभरातच थांबवावी लागली. अलास्काची जहाजंही हिवाळ्यात तिथे थांबत नाहीत, उबदार पाण्याकडे निघून जातात. जहाजांच्या कंपन्या ऋतू बघून जागा बदलतात. प्रवाशानेही तेवढा विचार करायला हवा.

आता एकेक प्रदेश घेऊ.

अलास्काचा हंगाम साधारण एप्रिलअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. बहुतेक जहाजं सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघतात आणि केचिकॅन, जुनो, स्कॅगवे ही गावं घेतात. हा सगळा पट्टा पावसाचा आहे. केचिकॅनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या चेन्नईचा आकडा साधारण 1400 मिलिमीटर. म्हणजे पाऊस पूर्ण टाळणं तिथे कुणालाच शक्य नाही, कमी पावसाचे महिने तेवढे निवडता येतात. ते महिने म्हणजे मे आणि जून. जुलैपासून पाऊस वाढत जातो. जुनोत सप्टेंबरचा पाऊस मेच्या दुपटीहून जास्त असतो. सप्टेंबरची तिकिटं स्वस्त दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. पाऊस असला की नुसते कपडे भिजतात असं नाही. ढग खाली उतरले की हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याची किंवा सीप्लेनची फेरी रद्द होते आणि अशी फेरी हाच कित्येकांच्या सहलीचा मुख्य बेत असतो.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी मिळते. तिथे जहाज हिमनदीच्या कड्यासमोर बराच वेळ थांबतं आणि सगळे प्रवासी डेकवर येतात. हवा सात-आठ अंशांची असते, पण बर्फावरून उतरणारा वारा तोंडावर आला की कान बधिर होतात. कड्याचा एखादा तुकडा आधी सुटताना दिसतो आणि त्याचा गडगडाट मागून ऐकू येतो. मोबाइल बाहेर काढेपर्यंत तो पाण्यात गेलेला असतो. हे बघायचं तर डेकवर उभं राहावं लागतं, अर्धा तास, कधी तास. आभाळ मोकळं असेल तर त्या तासात सगळे पैसे वसूल होतात. धुकं आणि पाऊस असेल तर समोरचा कडाही धड दिसत नाही.

पण पाऊस हा एकच निकष धरू नका. तुम्हाला काय बघायचं आहे, ते आधी स्वतःला विचारा. हंपबॅक देवमासे मेपासून सप्टेंबरपर्यंत या पाण्यात असतात आणि हिवाळ्यात त्यांतले बरेच हवाईकडे जातात. त्यांच्यासाठी जून ते ऑगस्ट हा भरवशाचा काळ. ओढ्यात उतरून सॅमन मासे पकडणारी अस्वलं बघायची असतील तर जुलै-ऑगस्टच हवा, कारण सॅमन तेव्हा नदीत चढतात. डोंगरमाथ्यांवर बर्फ हवा असेल, गर्दी कमी हवी असेल आणि दिवस मोठा हवा असेल तर मेचा उत्तरार्ध धरावा. तेव्हा जुनोत 17 तासांहून अधिक काळ सूर्य क्षितिजावर असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र हबर्ड हिमनदीसारख्या ठिकाणी पाण्यावर तरंगणारा बर्फ दाट असू शकतो आणि जहाजाला लांबूनच फिरावं लागतं. म्हणून अगदी हंगामाच्या तोंडाशी जाऊ नये.

शाळेत जाणारी मुलं असलेल्या चेन्नईतल्या कुटुंबाला यातून सरळ उत्तर मिळतं. इथल्या शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात असते आणि वर्ग जूनमध्ये भरतात. अलास्कासाठी 15 मेनंतरचा पंधरवडा धरा. पाऊस कमी, भाडं जुलैच्या मानाने सहसा उतरलेलं आणि इथल्या उकाड्यातून सुटका. आईवडिलांना घेऊन जायचं असेल आणि शाळेचं बंधन नसेल, तर जूनचा उत्तरार्ध किंवा जुलै बरा. दुपारी तापमान सोळा-अठरा अंशांपर्यंत जातं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना डेकवर बसता येतं. आईवडिलांना समुद्र लागत असेल तर सिवर्ड किंवा व्हिटिअरला संपणारी एकमार्गी सफर टाळा, कारण तिला अलास्काच्या आखाताचा खुला समुद्र ओलांडावा लागतो. बेटांच्या आडोशाने जाणारा इनसाइड पॅसेज त्या मानाने शांत असतो. तरीही केबिन जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या.

नॉर्वेचं गणित वेगळं आहे. तिथली किनारपट्टी उबदार समुद्रप्रवाहामुळे हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून 1893 मध्ये सुरू झालेली हुर्टिगरूटेनची किनारी बोटसेवा आज बर्गन ते किर्केनेस बाराही महिने चालते. म्हणजे जाता कधीही येतं, पण प्रत्येक ऋतूत देश निराळा दिसतो. गाईरांगर फियोर्ड 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथला ‘सात बहिणी’ हा धबधबा बर्फ वितळत असताना, मे-जूनमध्ये, भरून वाहतो आणि उन्हाळा सरता सरता रोडावतो. बर्गन युरोपातल्या पावसाळी शहरांत गणलं जातं. तिथेही एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे आणि सप्टेंबरपासून पावसाचा जोर. फियोर्डांसाठी निघायचं तर मेअखेर ते जून हाच काळ धरावा.

मध्यरात्रीचा सूर्य बघायचा असेल तर आणखी उत्तरेला जावं लागतं. नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. लोकमान्य टिळकांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात ध्रुवप्रदेशातल्या दीर्घ उषेवरून आपला युक्तिवाद उभा केला होता. त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक मानत नाहीत, पण न मावळणारा दिवस आणि लांबत जाणारी पहाट यांची ओळख कितीतरी मराठी वाचकांना त्या पुस्तकानेच करून दिली. ते डोळ्यांनी बघायचं तर जून हाच महिना. झोपमोड होते, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर ठेवा.

उत्तर ध्रुवीय प्रकाश बघायला मात्र अंधार लागतो. तो उन्हाळ्यात दिसत नाही, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या. मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश एकाच सहलीत कुणी कबूल केले तर त्या माणसाकडून तिकीट घेऊ नका. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हा त्याचा काळ. त्यातही फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा दिवसा फिरण्यापुरता उजेड परत आलेला असतो, रात्रही पुरेशी काळोखी असते, आणि चेन्नईत हवा कोरडी असल्यामुळे विमानाची फारशी धास्ती नसते. मात्र त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. घरात परीक्षेचं मूल असेल तर सप्टेंबरअखेरची तिमाही परीक्षेनंतरची सुट्टी बघा. ढग आडवे येण्याची शक्यता तेव्हा जास्त, पण समुद्र अजून हिवाळ्यासारखा उग्र झालेला नसतो.

आयटीतल्या मंडळींना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. परदेशी ग्राहकांची कार्यालयं नाताळात थंडावतात, त्यामुळे डिसेंबरची रजा सहज मिळते आणि बेत डिसेंबरचाच होतो. थंड प्रदेशाच्या क्रूझसाठी आपल्या दृष्टीने हा अवघड महिना. अलास्काची जहाजं तेव्हा नसतात. ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. शिवाय इकडे घरी ईशान्य मोसमी पाऊस असतो. डिसेंबर 2015 च्या महापुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद होता. 4 डिसेंबर 2023 रोजी मिचौंग वादळात धावपट्टीवर पाणी आलं आणि उड्डाणं थांबली. शोळिंगनल्लूरहून विमानतळाकडे जाणारा तोरैपाक्कम–पल्लावरम रेडियल रोड पळ्ळिकरणैच्या पाणथळीतूनच जातो. तुमचं विमान हुकलं म्हणून जहाज थांबणार नाही. मागे घर तळमजल्यावर असेल, गाडी बेसमेंटला असेल, तर दूर समुद्रावर बसूनही जीव इथेच अडकलेला राहतो.

अंटार्क्टिकाला जाऊ इच्छिणाऱ्यांनाही महिन्याचा हाच विचार लागू आहे. तिथला हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि जहाजं मुख्यतः अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात. पेंग्विनची पिल्लं डिसेंबरअखेरपासून दिसू लागतात, देवमासे फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. चेन्नईच्या माणसाने जानेवारीअखेर ते फेब्रुवारी निवडावा. पिल्लंही दिसतात आणि इथला पाऊसही सरलेला असतो. लहान जहाज घ्या. पाचशेहून अधिक प्रवासी असलेली जहाजं तिथे माणसांना किनाऱ्यावर उतरवत नाहीत.

महिना ठरला की तिथून मागे मोजत या. अलास्कासाठी अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन व्हिसा लागतात हे अनेकांना उशिरा कळतं. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारं परदेशी नोंदणीचं जहाजही अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घेतं. ते सहसा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. जेमिनी फ्लायओव्हरजवळच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला महिनेही लागू शकतात, तेव्हा ते काम सगळ्यांत आधी करा. नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नॉर्वेच्या उत्तरेकडची स्वालबार्ड बेटं शेंगेनच्या बाहेर आहेत, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी एकाहून अधिक वेळा प्रवेश देणाराच व्हिसा मागावा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी असावी. आणि जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी त्या बंदराच्या गावात पोहोचा. चेन्नईहून लंडन, फ्रँकफर्ट किंवा आखाती शहरांतून विमान बदलत जावं लागतं, एक जोडविमान चुकलं की सगळं विस्कटतं. दोन दिवसांत शरीरही थंडीला सरावतं.

कपड्यांचं सोपं आहे. एक जाड कोट घेण्यापेक्षा आत थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, असे तीन थर घ्या. कानटोपी, हातमोजे आणि पाणी न झिरपणारे बूट विसरू नका. चेन्नईत वर्षभर एकदाही न लागणाऱ्या या वस्तू नवीन घ्यायची गरज नाही. आधी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांकडे मागा, ते आनंदाने देतील.

सवलतीबद्दल शेवटचं. क्रूझ कंपन्यांच्या मोठ्या सवलती दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. तुमचा महिना आणि प्रदेश आधीच ठरलेला असेल तर त्यांचा फायदा नक्की घ्या. ठरलेला नसेल तर ती सवलत तुम्हाला दुसऱ्याच्या सोयीच्या महिन्यात घेऊन जाईल. दर बघताना बंदरकर, जहाजावरची टिप आणि किनाऱ्यावरच्या सहलींचा खर्च त्यात आहे की नाही, हे विचारा. शाकाहारी जेवण हवं असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्या.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी एकत्र बसा. आधी प्रत्येकाने आपल्याला काय बघायचं आहे ते सांगावं. मग ते कोणत्या महिन्यात दिसतं ते शोधा, त्या महिन्यात शाळा, परीक्षा आणि चेन्नईचा पाऊस आड येतो का ते बघा. पुढच्या वर्षीची रजा ऑफिसात आताच सांगून ठेवा. एवढं झाल्यावरच जहाजांच्या जाहिराती उघडा.