ळ ची कळ

महागडा मेकॅनिकल कीबोर्ड विकत घ्यावा की सुटे भाग आणून स्वस्तात घरीच जोडावा, ह्यावर हौशी मंडळींची खडाजंगी कधी संपतच नाही. माझं मत (कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो!): पैसे वाचवायचे म्हणून कीबोर्ड करायला बसू नका.

कागदावर हिशोब फार गोड दिसतो. साधा छोटा कीबोर्ड म्हणजे ६१ कळा आणि प्रत्येक कळीखाली एक स्विच. चेरी ह्या जर्मन कंपनीचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कायल, आउटेमू ह्या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि भाव उतरले. आत मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको. जानेवारी २०२१ मध्ये तो आला तेव्हा किंमत होती चार डॉलर! आता तुम्ही म्हणाल, ६१ कळांना ६१ वायरी लागणार. तर नाही. पाच ओळी आणि चौदा उभ्या रांगा अशी जाळी विणायची, म्हणजे १९ वायरींत भागतं. पिकोला २६ पिना मोकळ्या असतात. प्रत्येक स्विचला एकेक डायोड जोडायचा, नाहीतर तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी वाटते. क्यूएमके हे सॉफ्टवेअर फुकट.

बरं, आता ह्यात कळांच्या टोप्या धरा (त्याच बहुधा सगळ्यात महाग पडतात), सोल्डरिंगचं सामान धरा, कुरिअर धरा. प्रत्येक स्विचला दोन जोड, म्हणजे १२२ झाले. डायोडची दुसरी टोकं वेगळीच. शनिवार-रविवार त्यातच जातो. तेवढ्या पैशांत स्विच उपसून बदलता येतील असा बरा तयार कीबोर्ड मिळतो. स्पेसबार खडखडत असेल तर त्याखालच्या तारेला थोडं ग्रीस लावा, की झालं. महाग कीबोर्डाचे जास्तीचे पैसे बरेचसे जाड ॲल्युमिनियमला आणि ‘ठॉक’ अशा आवाजाला जातात. आवाज खरंच छान असतो, नाही म्हणत नाही. पण त्याने लिहिणं सुधारल्याचं ऐकिवात नाही.

मग करायचाच कशाला? माझ्यापुरतं उत्तर एका अक्षरात आहे: ळ.

इनस्क्रिप्ट हा कळफलक सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच आखला गेला, १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. आखणी हुशारीचीच. पण सगळ्यांची सोय बघताना मराठीला थोडी कळ सोसावी लागली. ल सरळ उमटतो, ळ ला शिफ्ट. म सरळ, ण ला शिफ्ट. ‘पण’, ‘आणि’, ‘म्हणून’, ‘सगळं’, ‘वेळ’... ह्यांच्याशिवाय चार वाक्यं लिहून दाखवा! दर वेळी करंगळी शिफ्टवर. (फोनेटिकवाल्यांनी हसू नये, तुमचाही ळ कॅपिटल एल वरच असतो.) दिवसभर अनुवाद करणाऱ्याला संध्याकाळी विचारा करंगळीचं काय होतं ते.

आणि हाताचं सगळ्यात दणकट बोट, अंगठा, काय करतो? दोन्ही अंगठे मिळून एक लांबलचक स्पेसबार सांभाळतात. सव्वासहा कळांची जागा, एका कामाला!

मी तिथे तीन कळा घातल्या. डावीकडे ळ, मधे स्पेस, उजवीकडे ण. आता महागड्या कीबोर्डांतही अनेकदा क्यूएमके असतं, कुठल्याही कळीला कुठलंही अक्षर देता येतं हे खरं. पण त्यांची पट्टी एकाच स्पेसबारसाठी कापलेली असते, ती सॉफ्टवेअरने कशी बदलणार? माझी पट्टी नेमप्लेट करणाऱ्याने लेझरवर ॲक्रिलिकची कापून दिली. चौदा मिलिमीटरची चौकोनी भोकं, दोन कळांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर अंतर. एवढंच त्याला सांगावं लागलं. दिसायला ती शाळेतल्या प्रयोगासारखी आहे, आवाज तर पत्र्याच्या डब्याचा.

टोप्या कोऱ्याच घेतल्या. ळ च्या कळीवर फक्त नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिलाय. ण ला काही दिलं नाही, तो आपोआप सापडतो.