नवा खेळाडू आला की आरती, गेला की शिव्या



गेली काही वर्षं आमच्या गोव्यात पावसाळ्यात एक नवा सण सुरू झालाय. पंचांगात त्याला तिथी नाही. एफसी गोवाने कोणीतरी नवा खेळाडू घेतल्याची बातमी येते, नारिंगी सदरा हातात धरलेला त्याचा फोटो येतो, आणि घरोघरी मोबाईल किणकिणू लागतात. नातू, भाचे, शेजारचा इंजिनियर, पलीकडचा निवृत्त हेडमास्तर, सगळे एका सुरात म्हणतात, "यंदा ट्रॉफी आपलीच." त्या बिचाऱ्याने अजून फातोर्ड्याच्या गवतावर पाय ठेवलेला नसतो. तरी आरती सुरू.

चार महिन्यांनी त्याने दोन सोपे गोल हुकवले की त्याच तोंडांतून येतं, "परत पाठवा त्याला." आणि तो चांगला खेळला, करार संपल्यावर दुसऱ्या क्लबाकडे गेला, तर तो "गद्दार". येताना देव, हुकला की भिकार, गेला की गद्दार. ह्याला आपण फुटबॉलप्रेम म्हणायचं काय?

मी फुटबॉलच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. १९८३-८४ साली ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा मी बँकेत नवा होतो आणि त्या दिवशी काउंटरवर गिऱ्हाईकांपेक्षा फुटबॉलच जास्त बोललो. बाहेरच्या खेळाडूंविरुद्धही माझं काही नाही. फेरान कोरोमिनास, आपला कोरो, तीन मोसमांत ४८ गोल करून गेला. ते पाहिलेला माणूस परदेशी नको असं म्हणूच शकणार नाही. माझं भांडण आहे ते तुमच्या-आमच्या टाळ्यांशी. आपण कुठल्या वेळी टाळ्या वाजवतो आणि कुठल्या वेळी हात खिशात घालून बसतो, त्याच्याशी.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून आधी हिशेबाचं बोलतो. युरोपातले मोठे क्लब खेळाडू विकत घेतात तेव्हा मोजलेली रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवतात आणि कराराच्या वर्षांत विभागून ती दर वर्षी कमी करत नेतात. यंत्राचा घसारा काढतात तसंच. काही क्लबांनी ही विभागणी लांबवण्यासाठी आठ-आठ वर्षांचे करार केले, तेव्हा २०२३ मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेने पाच वर्षांची मर्यादा घातली. म्हणजे कागदावरसुद्धा विकत घेतलेला खेळाडू ही दर वर्षी झिजणारी वस्तू आहे. आणि जो मुलगा क्लबाने बारा वर्षांचा असताना घेतला, वाढवला, अकरात उतरवला, त्याच्यासाठी कोणाला खरेदीची रक्कम मोजलेली नसते. त्यामुळे त्या रकान्यात त्याची किंमत जवळजवळ शून्य.

हिशेबनिसाचा नियम म्हणून हे ठीक आहे. पण आपण प्रेक्षकांनीही तोच नियम उचललाय. ज्याच्यासाठी पैसे मोजले तो मोठा, घरी वाढला तो शून्य. गावच्या मुलाने पहिला करार केला त्याची बातमी कोपऱ्यात येते. त्या दिवशी किती मोबाईल किणकिणतात?

आता जुनी वही उघडू या. धेंपो क्लबाने राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पुढे गोल मारायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता, हे खरं. पण हा रँटी २००४ ते २०१२ इथे राहिला, एका मोसमाचा पाहुणा म्हणून आला नव्हता. त्याच्या आजूबाजूला कोण होते? महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. सगळी आपल्या मातीतली पोरं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, तेही गोव्याचेच. बाहेरचा एक चांगला माणूस आणि त्याच्याभोवती घरची आठ माणसं, असा तो संसार होता. साळगावकरने १९९८-९९ मध्ये आणि २०१०-११ मध्ये देशाचं विजेतेपद आणलं, चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये. एवढ्याशा गोव्याने हे केलं!

मग काय झालं? २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि खाणींच्या पैशावर चालणारं बरंच काही आटलं. त्यानंतर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. नव्या फ्रँचायझी लीगला देशातली पहिली लीग करण्याचा घाट घातला जातोय, ह्याचा तो निषेध होता. त्यांचं चूक की बरोबर ह्यावर वाद होऊ शकतो. पण मला प्रश्न आहे तो आपल्या मौनाचा. ज्या क्लबांची नावं आपण चाळीस वर्षं घेतली, ते देशाच्या लीगमधून उठून गेले, आणि आपण चहा पीत दुसऱ्या खेळाडूच्या आगमनाची चर्चा करत होतो. त्याच धेंपोने खालच्या पायरीवरून चढत २०२४-२५ मध्ये परत आय-लीग गाठली. सांगा, तुमच्या घरात कोणी पेढा वाटला? कोणाला ठाऊक तरी होतं?

२०१४ मध्ये एफसी गोवाने फ्रान्सचा रॉबेर पिरेस आणला. १९९८च्या विश्वविजेत्या संघातला माणूस, इथे आला तेव्हा चाळिशी गाठलेला. किती कौतुक झालं! एक मोसम खेळला आणि गेला. त्याचा दोष काहीच नाही, त्याला बोलावलं म्हणून तो आला. पण त्या एका मोसमाचे फोटो आजही लोक दाखवतात, आणि धेंपोच्या पाचव्या विजेतेपदाची पाठराखण कोणी केली ते विचारलं तर डोकं खाजवतात.

ताजं उदाहरण हवं? ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेच्या गटात एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नासर एकत्र आले. तेव्हापासून दोन महिने मडगावात एकच विषय होता, रोनाल्डो येणार काय? हॉटेलं, तिकिटं, विमानं, सगळ्यांची बोलणी त्याच्यावरून. २२ ऑक्टोबरला सामना झाला. रोनाल्डो आलाच नाही. अल नासरने २-१ ने सामना जिंकला, पण आपला तो एक गोल कोणी केला? ब्रायसन फर्नांडिसने. गोव्याच्याच पोराने, आशियातल्या एका बलाढ्य संघाच्या जाळ्यात चेंडू मारला. दोन महिने आपण ज्याची वाट पाहिली तो घरी बसला, आणि ज्याच्याबद्दल आपण दोन मिनिटं बोललो नव्हतो त्याने लाज राखली. ह्यातून काही शिकायचं की नाही?

आता गद्दारीबद्दल. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे गेले, आणि जाहू, बुमूस, फॉल, मंदार राव देसाई हेही तिकडे गेले. पुढच्या मोसमात मुंबईने लीगही जिंकली आणि करंडकही. तेव्हा आपल्या लोकांनी काय काय शब्द वापरले ते मला इथे लिहवत नाही. पण जरा विचार करा. १९९५ मध्ये बोस्मानच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा. माणूस म्हणजे क्लबाची गुरं नव्हेत. नव्वदीच्या दशकात नव्या खाजगी बँका आल्या तेव्हा माझे कितीतरी सहकारी दुप्पट पगारावर तिकडे गेले. त्यांना कोणी गद्दार म्हटलं? उलट त्यांच्या सासरी पेढे वाटले गेले! आपली पोरं बेंगळुरूला, दुबईला, लिस्बनला जातात तेव्हा आपण "बरं झालं हो" म्हणतो. मग फुटबॉलपटूने तेवढा गावाशी लग्न लावून बसायचं?

आणि त्याची कमाईची वर्षं किती? बारा, फार तर पंधरा. गुडघा गेला की संपलं. मला दर महिन्याला पेन्शन येते, त्याला कोण देणार? २०२५च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच स्थगित झाली, कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. देशातल्या काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. सही केलेली, फोटो काढलेले खेळाडू घरी बसले. त्या महिन्यांत निष्ठेच्या गोष्टी करणारे आपण कुठे होतो? निष्ठा फक्त खेळाडूनेच दाखवायची असते काय?

कोणी म्हणेल, "काका, परदेशी आले म्हणून आपली मुलं शिकली." मान्य. पण शिकायला आपला मुलगा त्याच्या बाजूला मैदानावर तरी हवा ना! ह्या लीगच्या पहिल्या मोसमांत अकरातले सहा परदेशी चालत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. आकडा खाली आला तो आपण प्रेक्षकांनी मागितला म्हणून नव्हे. आपण तर प्रत्येक वेळी "अजून एक आणा"च म्हणत होतो.

आता शेवटचं आणि अवघड. हे मी आपल्याच घरांना सांगतोय, गोव्यातल्या, बेळगावातल्या, आपल्यासारख्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना. आपण घरोघरी चाहते तयार केले, खेळाडू नाही. "खेळून पोट भरतं काय?" हे वाक्य आपल्या व्हरांड्यात किती वेळा उच्चारलं गेलं असेल! पोराला माद्रिदच्या राखीव गोलरक्षकाचं नाव तोंडपाठ आहे, पण भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात गावची मुलं खेळतात तिथे त्याला सोडत नाही, कारण साडेपाचला ट्यूशन.

वर पुन्हा सबब तयार असते, "फुटबॉल हा साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांचा खेळ." अहो, धेंपो आणि साळगावकर ही घराणी कोणाची? शंखवाळकर, गवळी, नाईक, राव देसाई ही आडनावं कोणाची? आणि बेळगावच्या मंडळींनी जरा कोल्हापूरकडे बघावं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे संघ तालमी-तालमींतून आणि पेठांतून उभे राहिले. शाहू स्टेडियमवर पेठच्या पेठ येऊन बसते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. तो मुलगा मराठी घरातलाच ना? ख्रिस्ती शेजाऱ्यांनी खेळ राखला, कारण संध्याकाळी त्यांनी पोरांना मैदानावर सोडलं. आपण पोरांना टीव्हीसमोर बसवलं आणि मग दोष धर्मावर ढकलला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. नव्या खेळाडूचा फोटो आला की जरूर खूश व्हा, पण त्याच बैठकीत विचारा की ह्याच्या बाजूला आपले कितीजण खेळणार. क्लबाच्या लोकांची गाठ पडली तर त्यांनाही विचारा. गिऱ्हाईक जे मागतं तेच दुकानदार ठेवतो, आणि आपण फक्त बाहेरचा माल मागितला तर गावच्या मालाला फळी मिळणार नाही. गोवा प्रोफेशनल लीगचा सामना म्हापशाच्या दुलेरवर असेल तर महिन्यातून एकदा तरी जाऊन बसा. तिथल्या पोरांना हाक मारून नाव विचारा. जो करार संपवून जाईल त्याला "देव बरें करूं" म्हणून निरोप द्या. आणि घरातल्या नातवाची, हो, नातीचीसुद्धा, आठवड्यातून दोन ट्यूशन बुडाली तरी चालतील, तिला-त्याला मैदानावर पाठवा. गुडघे फुटतील, फुटू द्यात. हळद आपल्या घरात असतेच.

ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी भांडायला मी तयार आहे. फक्त भांडायला येण्याआधी, तुमच्या तालुक्यातल्या आत्ता खेळत असलेल्या पाच मुलांची नावं पाठ करून या.