कृत्रिम पाय : हात हवा, स्कॅनरही हवा

शीळफाट्यावर कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. ट्रेलर, रिक्षा आणि दुचाक्यांची तिथे रात्रंदिवस रेटारेटी असते. जवळच्या मुंब्रा-दिवा पट्ट्यात लोकलमधून माणसे पडतात. मधुमेहाच्या जखमेने पाय गमावणारे वेगळेच. शस्त्रक्रियेने जीव वाचतो. पुन्हा उभे राहण्याचा प्रश्न मात्र तेव्हाच सुरू होतो.

या प्रश्नाचे भारतीय उत्तर १९६८ मध्ये जयपूरला सापडले. तिथल्या सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि जेमतेम शाळा शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडवला. त्या काळच्या परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे आणि त्याचा घोटा ताठ असे. उकिडवे बसणारा, चिखलात अनवाणी चालणारा शेतकरी तो घालणार कसा? या जोडीने निसर्गातलाच नमुना घेतला आणि रबर व लाकूड वापरून सगळीकडे थोडाथोडा वळणारा पाय तयार केला.

पण कृत्रिम पायाचे खरे मर्म पंजात नसून सॉकेटमध्ये असते. पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो, ती ही वाटी. प्लास्टरच्या पट्ट्यांनी त्या भागाचा साचा घेतात, साच्यात प्लास्टर ओतून प्रतिकृती काढतात आणि ती कोरतात. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध भार सोसतो, म्हणून तिथले प्लास्टर तासायचे. नडगीच्या कडेवर दाब नको, म्हणून तिथे लिंपायचे. मूर्तिकाराचेच हे काम. दोन-चार मिलिमीटर चुकले तर त्वचा सोलवटते. मधुमेही रुग्णाला संवेदना कमी असल्याने ती जखम कळतही नाही.

आता हेच कोरीवकाम संगणकावर होते. स्कॅनर काही मिनिटांत आकार टिपतो, तंत्रज्ञ पडद्यावर तासतो-लिंपतो आणि यंत्र सॉकेट घडवते. साचा फुटत नाही, माप जपून राहते. वाढत्या वयाच्या मुलांना किंवा उरलेला पाय आकसल्यावर नवे सॉकेट लवकर मिळते. मात्र स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. कुठे मऊ आहे, कुठे दाबल्यावर रुग्ण कळवळतो, हे बोटांनाच समजते.

म्हणून दोन्हींची सांगड घालायला हवी. हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण शीळफाट्याच्या रुग्णाला कुबड्या सांभाळत दिवा किंवा मुंब्रा गाठायचे, दादरला गाडी बदलायची आणि महालक्ष्मीला उतरायचे. तेही मापासाठी, जोडणीसाठी आणि दुरुस्तीसाठी पुन:पुन्हा. ठाणे-कल्याण परिसरातील सरकारी आणि पालिका रुग्णालयांत स्कॅनर व जाणता तंत्रज्ञ ठेवला, तर माप इथून जाईल, सॉकेट घडून येईल आणि शेवटची जोडणी रुग्णाला तपासून इथेच होईल.

केवळ यंत्र विकत घेऊन हे साधणार नाही. नव्या तंत्रज्ञाने आधी प्लास्टरमध्ये हात माखून घ्यावेत आणि मग माऊस धरावा. अनुभवी कारागिरांना शिक्षकाचे पद आणि त्याला साजेसे वेतन द्यावे. नाहीतर महागडा पाय घराच्या कोपऱ्यात उभा राहील आणि रुग्ण कुबड्यांवरच चालत राहील.